हिरव्या इग्वानाचे संगोपन : आणण्यापूर्वी आणि आणल्यानंतर



कृषी पर्यटन केंद्रावर शहरातून येणाऱ्या मुलांना काहीतरी वेगळे दाखवावे, म्हणून ससे, टर्की, बदके यांच्या जोडीला हिरवा इग्वाना आणावा का, असा विचार काही केंद्रचालकांच्या मनात येतो. काही घरी मुलांच्या हट्टाखातरही हा प्राणी येतो. विकत घेताना तो वीतभर लांबीचे, पोपटी रंगाचे, देखणे पिल्लू असते. मात्र तीन-चार वर्षांत त्याच पिल्लाचा दीड मीटर लांबीचा, चार ते सहा किलो वजनाचा मोठा सरडा होतो आणि योग्य निगा राखल्यास तो १५ ते २० वर्षे जगतो. म्हणजे बैलाची एक जोडी जेवढा काळ दावणीला राहील, तेवढाच काळ हा प्राणीही आपल्या दारात राहणार आहे. हे ध्यानात घेऊनच निर्णय करावा. या लेखात त्याच्या संगोपनाची माहिती क्रमाने दिली आहे.

ओळख

हिरवा इग्वाना मूळचा मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेतील ब्राझील, पॅराग्वेपर्यंतच्या उष्ण प्रदेशातील आहे. नदी, ओढे आणि खाडीकाठच्या उंच झाडांवर तो राहतो. शत्रूची चाहूल लागताच फांदीवरून थेट पाण्यात उडी घेतो, पाय अंगालगत दुमडतो आणि शेपटीच्या वळशांनी सराईतपणे पोहत जातो. झाड, ऊन आणि पाणी या त्याच्या तीन गरजा आहेत. पाळताना या तिन्हींपैकी एक जरी कमी पडली, तरी प्राणी आजारी पडतो.

एकूण लांबीचा दोन-तृतीयांश भाग शेपटीचा असतो. पाठीवर काट्यांची रांग, गळ्याखाली लोंबती पोळी आणि जबड्याखाली मोठे गोल खवले, या खुणांवरून तो ओळखावा.

आपल्या शिवारातील घोरपड हा अगदी वेगळा प्राणी आहे. घोरपड मांसाहारी असून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तिला संरक्षण आहे. ती पकडणे, पाळणे किंवा मारणे हा गंभीर गुन्हा असून त्यासाठी तीन ते सात वर्षे कारावास होऊ शकतो. विहिरीत पडलेली घोरपड दिसली तर वन विभागाला कळवावे आणि ती स्वतःहून वर चढू शकेल असा जाड ओंडका किंवा शिडी तिरपी सोडून ठेवावी.

कायदा आणि नोंदणी

इग्वाना परदेशी प्राणी असला तरी तो कायद्याच्या बाहेर नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश आहे. आपल्या वन्यजीव अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अशा प्राण्यांसाठी चौथी अनुसूची करण्यात आली. त्याखालील २०२४ च्या नियमांनुसार प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंद केंद्र शासनाच्या 'परिवेश' या संगणकीय प्रणालीवर करावयाची असते. प्राणी दुसऱ्यास देणे, त्याला पिले होणे किंवा तो दगावणे यांचीही नोंद करावी लागते. त्यामुळे विक्रेत्याकडून पावती आणि नोंदणीचे कागद हाती आल्याशिवाय पिल्लू घेऊ नये. 'कागद नंतर पाठवतो' म्हणणाऱ्याकडून तर मुळीच घेऊ नये.

हा जोडधंदा आहे का?

मध्य अमेरिकेत इग्वानाचे मांस पूर्वीपासून खाल्ले जाते. तेथे त्याला 'झाडावरची कोंबडी' म्हणतात. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यामुळे त्यांची संख्या घटली, तेव्हा १९८३ साली जीवशास्त्रज्ञ डॉ. डागमार वेर्नर यांनी पनामात आणि पुढे कोस्टारिकात इग्वानापालनाचे प्रयोग सुरू केले. कृत्रिम घरट्यांत अंडी घालून घ्यायची, पिले सुरक्षित वाढवायची आणि शेतकऱ्यांनी राखलेल्या झाडीत सोडायची, अशी ती पद्धत होती. गुरांसाठी जंगल तोडण्यापेक्षा जंगल राखून उत्पन्न मिळावे, हा त्यामागील हेतू होता. अंडी उबवण्याचे आणि पिले जगवण्याचे तंत्र या कामातून बरेच पुढे गेले. पण ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांत विक्रीला येते, तर इग्वानाला मांसायोग्य वजन गाठायला काही वर्षे लागतात. हे गणित तेथेही अवघडच राहिले.

आपल्याकडे त्याच्या मांसाला, अंड्यांना किंवा कातड्याला बाजार नाही. 'पिले घ्या, वाढवा, आम्ही परत विकत घेऊ' अशी योजना कोणी घेऊन आला, तर ईमूपालनाची आठवण ठेवावी. २०१२ च्या सुमारास तो बाजार कोसळला, तेव्हा हमी देणारे नाहीसे झाले आणि पक्षी व कर्ज शेतकऱ्याच्या दारात राहिले. इग्वाना हा उत्पन्नाचा नव्हे, खर्चाचा प्राणी आहे, असेच धरून चालावे.

निवारा

काचेची पेटी पिल्लाला एखादे वर्षच पुरते. पूर्ण वाढलेल्या एका इग्वानासाठी कमीत कमी अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच असा जाळीचा निवारा करावा. मोठा केल्यास उत्तम.

१. पायाशी चिऱ्याची किंवा विटांची दोन फूट भिंत घ्यावी, म्हणजे कुत्रे व मुंगूस यांचा त्रास होत नाही. जाळी गुळगुळीत किंवा प्लॅस्टिकचे आवरण असलेली वापरावी. कोंबड्यांच्या बारीक जाळीत नखे अडकून तुटतात आणि नाकाला जखमा होतात.

२. प्राण्याच्या अंगाएवढ्या जाडीच्या फांद्या वेगवेगळ्या उंचीवर आडव्या आणि तिरप्या घट्ट बसवाव्यात.

३. निवाऱ्याचा अर्धा भाग उन्हात आणि अर्धा सावलीत येईल अशी दिशा ठेवावी. प्राण्याला आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलता आली पाहिजे.

४. दाराला दुहेरी कडी व शक्य असल्यास दुहेरी दार ठेवावे.

दोन नर एकत्र ठेवू नयेत. विणीच्या हंगामात नर नारिंगी छटा धरतो, चिडका बनतो आणि रोजच्या माणसावरही धावून येतो.

ऊन आणि उष्णता

इग्वानाला स्वतःच्या अंगात उष्णता तयार करता येत नाही. खाल्लेला पाला पचायलाही अंग तापलेले असावे लागते. ऊन खाण्याच्या जागी ३५ ते ३८ अंश सेल्सिअस, बाकी निवाऱ्यात दिवसा २७ ते ३२ अंश आणि रात्री २२ ते २४ अंशांच्या खाली नाही, असे तापमान ठेवावे. अंदाजावर न जाता दोन ठिकाणी तापमापक लावावेत.

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे त्याच्या कातडीत 'ड' जीवनसत्त्व तयार होते आणि त्याशिवाय चुना हाडांपर्यंत पोहोचत नाही. काचेतून किंवा पारदर्शक पत्र्यातून आलेल्या उन्हाचा यासाठी उपयोग होत नाही. ऊन थेट अंगावर पडले पाहिजे. घरात ठेवलेल्या प्राण्यासाठी अतिनील किरण देणारी विशेष नळी रोज १० ते १२ तास लावावी आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावी. नळी उजेड देत राहते, पण तिचे किरण त्याआधीच कमी झालेले असतात.

विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४४ अंशांवर जातो. तेव्हा शेडनेट, ओले गोणपाट आणि दुपारी पाण्याची फवारणी आवश्यक आहे. उलट निफाडसारख्या भागात थंडीत पारा १० अंशांखाली येतो. तेथे रात्री प्राणी बंद खोलीत घेऊन ऊब द्यावी. ऊब देणाऱ्या दिव्याला जाळीचे आवरण हवे, अन्यथा इग्वाना त्यालाच चिकटून बसतो आणि भाजतो.

पाणी

पाण्याविना ठेवलेला इग्वाना लगेच मरत नाही, म्हणूनच या बाबीकडे दुर्लक्ष होते. हळूहळू शरीर शुष्क होते आणि मूत्रपिंडे निकामी होतात. मोठ्या इग्वानाचा तो नेहमीचा मृत्यू आहे.

दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ४० सेंटीमीटर खोल हौद करावा. एका बाजूला खडबडीत उतार ठेवावा, म्हणजे प्राण्याला सहज बाहेर येता येते. अशा हौदात ६०० लिटर पाणी मावते. इग्वाना बहुधा पाण्यातच शेण टाकतो, त्यामुळे पाणी रोज बदलावे लागते. गाव उन्हाळ्यात टँकरवर असेल, तर रोजचे ६०० लिटर कोठून आणणार, याचा हिशेब प्राणी आणण्यापूर्वी मांडावा. हवेतील आर्द्रता ६५ ते ८० टक्के राहावी. त्यासाठी कुंडीतील झाडे आणि सकाळ-संध्याकाळ फवारा उपयोगी पडतो.

हौदातील पाणी बांधावरच्या झाडांना द्यावे. कोथिंबीर, मेथी, मुळा, काकडी अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांच्या वाफ्यात ते कधीही सोडू नये.

आहार

इग्वाना शाकाहारी आहे. त्याच्या मोठ्या आतड्यात सूक्ष्म जीवाणू पाला आंबवतात. हे काम गाईच्या कोठीपोटासारखेच, पण घोडा किंवा सशाप्रमाणे आतड्याच्या मागच्या भागात होते. निसर्गात पिले मोठ्यांची विष्ठा खाऊन हे जीवाणू मिळवतात, असे पनामातील अभ्यासात आढळले आहे.

आहारात ८० ते ९० टक्के हिरवा पाला असावा. शेवगा, तुती, जास्वंदीची पाने व फुले, द्राक्षाची कोवळी पाने आणि थोडा लसूणघास आलटून पालटून द्यावा. त्यात लाल भोपळा, घेवडा किसून मिसळावा. पपई, अंजीर यांसारखी फळे दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत. चुना व स्फुरद यांचे प्रमाण दोनास एक असावे.

पालक, चाकवत, अळू, राजगिरा यांतील ऑक्झलेट चुना अडवून ठेवते, म्हणून ते क्वचितच द्यावेत. कोबीवर्गीय भाज्याही नेहमी नकोत. सुबाभळीचा पाला देऊ नये, कारण त्यातील मिमोसिन रवंथ न करणाऱ्या प्राण्यांना बाधते. अंडी, मांस, कुत्र्याचे खाद्य यांनी वाढ झपाट्याने दिसते, पण मूत्रपिंडावर ताण येतो.

सर्वांत महत्त्वाची सूचना फवारणीबाबत आहे. द्राक्षबागेतील किंवा भाजीच्या प्लॉटमधील फवारलेला पाला कधीही देऊ नये. इग्वानासाठी चार शेवगे आणि एक तुतीचा ताटवा वेगळा राखावा आणि त्यावर औषध मारू नये. सकाळी दोन तास ऊन मिळाल्यावर खाद्य द्यावे.

नेहमीचे आजार

चुन्याची कमतरता : व्यालेल्या गाईला दुग्धज्वर का होतो, हे आपण जाणता. येथे चुना हळूहळू कमी होतो आणि हाडे मऊ पडतात. जबडा मऊ लागणे, मांड्या सुजून घट्ट दिसणे, बोटे थरथरणे, पाठ वाकणे ही लक्षणे होत. सुजलेल्या मांड्या पाहून प्राणी धष्टपुष्ट झाला असे समजू नये. वाकलेले हाड पुन्हा सरळ होत नाही, म्हणून थरथर दिसताच पशुवैद्यकास दाखवावे.

अंडी अडणे : मादी नर नसतानाही अंडी घालू शकते. त्या काळात ती खाणे कमी करते आणि माती उकरते. तिला ४५ ते ६० सेंटीमीटर खोलीची ओलसर वाळू-माती असलेली पेटी द्यावी. जागा न मिळाल्यास अंडी पोटात अडून ती दगावू शकते. एका वेळी साधारण २० ते ६० अंडी असतात. २९ ते ३१ अंश तापमानात अडीच ते तीन महिन्यांत पिले निघतात.

शेपूट तुटणे : शेपटीला धरून कधीही उचलू नये. ती तुटते आणि नवी येते ती आखूड व काळपट असते. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली द्यावा.

माणसाचे आरोग्य

निरोगी दिसणाऱ्या इग्वानाच्या विष्ठेतही साल्मोनेला हे जंतू असू शकतात. त्यांच्यापासून तीव्र हगवण व ताप येतो. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांनी त्याला हाताळू नये. इतरांनी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याची भांडी स्वयंपाकघरात धुवू नयेत. पर्यटन केंद्रात निवाऱ्याजवळच नळ आणि साबण ठेवावा, आणि मुलांना प्राणी बाहेरून दाखवावा.

सोडून देऊ नका

कंटाळा आला, खर्च झेपेना, म्हणून इग्वाना ओढ्याकाठी सोडून देणे ही सर्वांत मोठी चूक ठरेल. अमेरिकेतील फ्लोरिडा, प्वेर्तो रिको आणि तैवान येथे पाळीव इग्वाना असेच मोकळे झाले आणि वाढले. तैवानच्या दक्षिण भागात ते पिके खातात. फ्लोरिडात त्यांच्या बिळांमुळे कालव्यांचे काठ खचतात. आपल्याकडे शेततळी, कालवे, ऊन आणि भाजीपाला सगळे आहे. रानडुकरे आणि वानरांनी पिके खाल्ल्याची झळ आपण सोसतोच आहोत, त्यात आपल्या हाताने आणखी एकाची भर घालू नये. सांभाळणे अशक्य झाल्यास वन विभागास लेखी कळवून त्यांच्या सल्ल्याने व्यवस्था करावी.

थोडक्यात, कागदपत्रे, अडीच मीटरचा निवारा, रोजचे ६०० लिटर पाणी, बिनफवारणीचा पाला आणि जवळचा जाणकार पशुवैद्यक या पाच गोष्टी तयार असतील, तरच इग्वाना आणावा. यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर मुलांना शिवारातील खंड्या, बगळा आणि बांधावरचा साधा सरडा दाखवावा. तेही त्यांनी पाहिलेले नसतात.