दिवस गेलेत आणि केस रंगवायचेत?

लेकी-सुना हा प्रश्न मला दबक्या आवाजात विचारतात. पोरींनो, यात लाजण्यासारखं काही नाही. पहिले तीन महिने मात्र थांबाच; बाळाचे अवयव त्याच दिवसांत घडतात. टाळूतून रंग अंगात फार थोडा उतरतो, म्हणून पुढे डॉक्टर सहसा मनाई करत नाहीत. तरी तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारूनच पुडी फोडा.

‘काळी मेहंदी’ या नावाला भुलू नका. मेंदीचा पाला केसांना तांबूस रंग देतो, तोही तासन्‌तास ठेवल्यावर. अर्ध्या तासात केस काळेभोर झाले, तर त्यात बहुधा पीपीडी, म्हणजे पॅरा-फेनिलिन डायअमाइन असतं. डोहाळजेवणाला हातावर काळ्या मेंदीचा कोन तर नकोच नको.

असल्या रंगाच्या वेष्टनावर आधी चाचणी घेण्याची सूचना आणि पापण्या-भुवयांना लावल्यास आंधळेपण येण्याचा इशारा कायद्यानेच छापावा लागतो. चाचणी सोपी आहे. कानामागची जागा साबणाने धुवा, लावताना कालवतो तसाच कालवलेला रंग थोडासा लावा, वाळू द्या, २४ तासांनी धुवा. मी आणखी एक दिवस थांबायला सांगते, कारण पीपीडीची ॲलर्जी कधी दुसऱ्या दिवशी उठते. खाज, लाली, पुरळ आलं की ती पुडी कचऱ्यात. आणि चाचणी दर वेळी घ्यायची. वर्षानुवर्षं सोसलेला रंगही एखाद्या वेळी बाधतो.

पण ही परीक्षा तुमच्या कातडीची झाली, पोटातल्या जिवाची नव्हे. कान कोरा राहिला म्हणजे बाळाला धोका नाही, असा अर्थ काढू नका. अमेरिकेत १९७५ साली ब्रूस एम्स यांच्या प्रयोगशाळेत बाजारातले १६९ रंग जिवाणूंवर तपासले, तेव्हा १५० रंगांनी त्यांच्या जनुकांत बदल घडवले. पुढे काही रसायनं बदलली गेली. जिवाणू म्हणजे बाळ नव्हे, हे खरं. पण गरोदर बाईवर असला प्रयोग कुणी करत नाही, करूही नये. म्हणून अंगात जाईल तेवढं कमी करायचं: दारं-खिडक्या उघड्या, हातात मोजे, टाळू सोडून केसांनाच रंग, आणि सांगितल्या वेळेपेक्षा मिनिटभरही जास्त नाही. पार्लरात दिवसभर दुसऱ्यांचे केस रंगवणाऱ्या गरोदर पोरींनी तर हे काम काही महिने दुसरीकडे सोपवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पांढऱ्या बटेने कुणाचं बारसं अडलेलं नाही.

रंग लावल्यावर तोंड सुजलं किंवा दम लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका. डोकं भरपूर पाण्याने धुवा, लगेच जवळचं रुग्णालय गाठा आणि रंगाचं वेष्टन सोबत न्या.