ट्रॅक्टरच्या उष्णतामापकाचा काटा का हलतो?

सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत घडलेली ही गोष्ट आहे. एका खळ्यावर ट्रॅक्टरच्या जोरावर मळणीयंत्र चालले होते. उष्णतामापकाचा काटा लाल पट्ट्यापर्यंत चढला, काही वेळ तेथे थरथरला आणि एकाएकी खाली आला. प्रस्तुत लेखक त्या वेळी तेथे हजर होता. काटा उतरलेला पाहून "आता हरकत नाही," असे त्यानेही सांगितले. अर्ध्या तासाच्या आत इंजिन बंद पडले. रेडिएटरच्या खालच्या रबरी नळीची क्लिप सैल होऊन पाणी गळून गेले होते आणि इंजिनाचे हेड वाकले होते. एका क्लिपकडे दुर्लक्ष झाल्यामुळे ऐन हंगामात ट्रॅक्टर कार्यशाळेत अडकून पडला.

काटा काय सांगतो?

काट्याला खबर देणारा सेन्सर इंजिनातील पाण्यात बुडालेला असतो. तो पाण्यात असेल तोवरच काट्याचे सांगणे खरे मानावे. पाणी कमी होऊन सेन्सर उघडा पडला, म्हणजे त्याला पाण्याऐवजी हवा किंवा वाफ लागते व काटा भलतेच दाखवू लागतो. म्हणून लाल पट्ट्यावरचा काटा एकाएकी खाली आला, तर इंजिन निवले असे समजू नये. पाणी संपले असे समजून इंजिन ताबडतोब बंद करावे.

हालचालीवरून दोष ओळखणे

१. काटा क्षणात उडी मारतो : पाणी क्षणात तापत नाही व क्षणात निवतही नाही. पाण्याची पातळी पुरेशी असूनही काटा उड्या मारीत असेल, तर दोष बहुधा विजेच्या तारेत असतो. डिझेलचा काटाही त्याच वेळी हलत असेल, तर दोन्ही काट्यांची सामायिक तार किंवा अर्थिंगचा जोड सैल आहे असे समजावे. एकटा उष्णतेचाच काटा हलत असेल, तर सेन्सरवरील जोड साफ करून घट्ट बसवावा.

२. ओझ्याबरोबर काटा हळूहळू चढतो व ओझे काढताच उतरतो : रेडिएटरच्या जाळीत भुसा व धूळ अडकली असावी किंवा पंख्याचा पट्टा सैल झाला असावा. जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेर हवा मारून साफ करावी. पाण्याचा जोरदार फवारा मारल्यास जाळीची पाती वाकतात.

३. काटा चढतो, उतरतो व पुन्हा चढतो : थर्मोस्टॅट अडकत असावा किंवा पाण्याच्या मार्गात हवा कोंडली असावी. थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरची वरची नळी काही वेळ थंड राहून मग गरम झाली पाहिजे. काटा लाल पट्ट्याजवळ गेला तरी ही नळी थंडच असेल, तर थर्मोस्टॅट उघडत नाही. तो काढून पाण्याच्या भांड्यात टांगावा व पाणी तापवावे. त्याच्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडू लागला नाही, तर नवा बसवावा. थर्मोस्टॅट काढून टाकून तसेच काम चालविण्याची प्रथा मात्र चुकीची आहे. इंजिन फार थंड चालले तर डिझेल अधिक जळते व झीजही वाढते.

कोंडलेली हवा काढण्यासाठी थंड इंजिनाचे झाकण उघडून पाणी सावकाश भरावे, इंजिन मंद गतीने चालवावे आणि पातळी उतरेल तशी भर घालावी. बुडबुडे थांबतच नसतील किंवा इंजिनाचे तेल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅसकेट फुटले असण्याचा संभव आहे. अशा वेळी ट्रॅक्टर न चालविता मिस्त्रीकडे सोपवावा.

जिवाची काळजी

गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. झाकणामुळे आत दाब राहतो. दर चौरस सेंटीमीटरला अर्धा किलो जादा दाब असेल, तर पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंश सेल्सिअसला उकळते. झाकण काढताच दाब सुटतो व उकळते पाणी उसळून तोंडावर येते. वरची नळी हाताला सोसवेल इतकी निवेपर्यंत थांबावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जातो. चालू इंजिनाची नळी तपासताना उपरणे किंवा बाहीचे टोक पंख्याजवळ जाऊ देऊ नये.

रोजची तपासणी

सकाळी इंजिन थंड असताना पाण्याची पातळी, नळ्या व क्लिपा, पंख्याचा पट्टा आणि जाळी या चार गोष्टी पाहाव्यात. या कामास पाच मिनिटे लागतात, पैसा लागत नाही. विहिरीच्या जड पाण्याने आत क्षार साचतात. यास्तव पुस्तिकेत सांगितलेले कूलंट शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून वापरावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मळणीपूर्वीच्या बैठकीत ही तपासणी एखाद्या ट्रॅक्टरवर प्रत्यक्ष करून दाखवावी. काटा उतरला म्हणून निश्चिंत होऊ नये, आधी पाणी पाहावे, एवढी एक गोष्ट प्रत्येक चालकाच्या मनावर ठसली, तरी पुष्कळ इंजिने वाचतील.