घरखर्च आणि शेकडेवारी : काटकसरीचा एक पाठ

(इयत्ता सहावी व सातवीसाठी, तासिका दोन)

महागाई म्हणजे काय, हे खेड्यातील मुलास समजावून सांगावे लागत नाही. तेलाची पिशवी घरी आली की ती किती दिवस पुरवावयाची याची चर्चा त्याच्या कानावर पडत असते. आठवडे बाजारातून आई अर्धी पिशवी घेऊन परतली, हेही त्याने पाहिलेले असते. परंतु शाळेत शेकडेवारीचा पाठ सुरू झाला की हा सारा अनुभव वर्गाच्या उंबरठ्याबाहेर राहतो. व्यापाऱ्याच्या नफ्यातोट्याची उदाहरणे मूल सोडविते. आपल्या घरच्या ओढाताणीचे उदाहरण त्याला कोणी घालीत नाही. ही उणीव भरून काढणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय.

पूर्वतयारी. मुलांकडून गावच्या दुकानातील गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर आणि दूध यांचे चालू भाव आणवून ते फळ्यावर लिहावेत. एक पथ्य मात्र शिक्षकाने कटाक्षाने पाळावे. कोणत्याही मुलास त्याच्या घरचे उत्पन्न, कर्ज वा उधारी वर्गात विचारू नये. ज्या घरी चूल कशीबशी पेटते, त्या घरच्या मुलाची मान चारचौघांत खाली जाईल असा प्रश्न शिक्षणाचा नव्हे. उदाहरणासाठी आईवडील, आजी आणि दोन मुले असे पाच माणसांचे एक कल्पित कुटुंब घ्यावे.

पहिली पायरी : हिशेब. या कुटुंबास दरमहा ४ किलो तेल लागते. भाव किलोस १२० रुपये असता खर्च ४८० रुपये होतो. भाव १५० रुपये झाला, म्हणजे शेकडा २५ ने वाढला. खर्च ४८० रुपयांवरच ठेवावयाचा असेल, तर तेल शेकडा किती कमी वापरावे लागेल? बहुतेक मुले ‘२५’ असे उत्तर देतील. शिक्षकाने लगेच चूक दाखवू नये. भागाकार करावयास सांगावे. ४८० भागिले १५० म्हणजे ३.२ किलो. कपात ०.८ किलोची, म्हणजे शेकडा २० ची. वाढ १२० वर मोजली आणि कपात ४ किलोंवर, म्हणून दोन्ही शेकडे सारखे येत नाहीत, हे मुलांनी स्वतः शोधून काढले तर ते विसरणार नाहीत.

दुसरी पायरी : विवेक. आता तेच गणित दुधाचे घालावे. रोज १ लिटर दूध. भाव ४८ वरून ६० रुपये. वाढ पुन्हा शेकडा २५, कपात शेकडा २०, म्हणजे रोज २०० मिलिलिटर. मग प्रश्न विचारावा : ‘हे दूध कोणाच्या वाट्याचे कमी करावयाचे?’ वर्ग येथे थबकेल. थोड्या वेळाने एखादे मूल म्हणेल, ‘आईच्या.’ एखादे म्हणेल, ‘मुलीच्या.’ या पाठाचा गाभा या उत्तरांत आहे.

किती कमी करावे हे गणित सांगते. कोणाचे कमी करावे हे सांगत नाही. ते घरातील रीत ठरविते, आणि सर्वांच्या मागून जेवणाऱ्या बाईच्या पानावरच ती रीत बहुधा येऊन थांबते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. तळणीचे तेल कमी झाले तर घराचे काही बिघडत नाही. वाढत्या मुलाचे दूध, आईची डाळ-भाजी आणि मुलीची शाळा यांवर कात्री चालविणे ही काटकसर नव्हे. मुलीच्या जाण्यायेण्याचा खर्च पुढे करून तिचे शिक्षण थांबविण्याचा विचार घरी निघाला, तर ग्रामीण मुलींना शाळेसाठी एस.टी.चा प्रवास अहिल्यादेवी होळकर योजनेखाली विनामूल्य आहे, हे शिक्षकाने पालकांस आवर्जून सांगावे.

तिसरी पायरी : हंगाम आणि साठवण. कोठे बचत करावी याचा विचार आता करावा. उन्हाळ्यात गहू निघतो तेव्हा वर्षाचे धान्य भरणे, ते कडक उन्हात वाळवून कडुनिंबाच्या पाल्यासह कोठीत ठेवणे, डाळीला तेलाचा हलका हात लावणे, पापड-कुरडयांचे वाळवण घालणे, या रीती आजीला ठाऊक असतात. मुलांनी त्या तिच्याकडून लिहून आणाव्यात. कडधान्य रात्रभर भिजवून झाकण ठेवून शिजविल्यास इंधन वाचते, हे विज्ञानाच्या तासालाही जोडून घेता येईल.

नाशिक जिल्ह्यात कांद्याचे उदाहरण टाळून चालणार नाही. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळ कांदा नीट सुकवून हवेशीर चाळीत ठेवला तर काही महिने टिकतो. तो संपत आला आणि नवा लाल कांदा उशिरा आला की भाव चढतो. येथे शिक्षकाने दोन्ही बाजू मांडाव्यात. २०१८ च्या नोव्हेंबरात निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्यास ७५० किलो कांद्याचे १०६४ रुपये मिळाले. मुलांनी भागाकार करावा. भाव किलोस दीड रुपयाही पडत नाही. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१९ मध्ये, अनेक शहरांत किरकोळ भाव १०० रुपयांवर गेला. वर्गात कांदा पिकविणाऱ्या घरची मुले असतात, तशी मजुरी करून तो विकत घेणाऱ्या घरचीही असतात. एकाची महागाई ती दुसऱ्याची कमाई असू शकते, आणि स्वस्ताई हे दुसऱ्याचे कर्ज. म्हणून स्वस्त ते चांगले, एवढेच शिकवून थांबू नये.

चौथी पायरी : सहकार. एका घराच्या काटकसरीला मर्यादा असते. १९७२ च्या दुष्काळाच्या दिवसांत मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली गृहिणी हाती लाटणी घेऊन मोर्चाने निघाल्या. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. तिची पद्धत साधी होती : शेजारच्या कुटुंबांनी संघ करावा, महिन्याची यादी एकत्र द्यावी, माल घाऊक घ्यावा आणि आपसांत वाटून घ्यावा.

गावातील महिला बचत गटासही हे जमण्याजोगे आहे. समजा, सुटे तेल किलोस १५० रुपये आहे आणि १५ किलोंचा डबा २१३० रुपयांस मिळतो. पाच घरांनी तो प्रत्येकी ३ किलो वाटून घेतला तर एका घरास ४२६ रुपये पडतात. सुटे घेतले असते तर ४५० पडले असते. बचत २४ रुपयांची, आणि तीही कोणाच्या पानातील घास न काढता.

स्वाध्याय. (१) साखरेचा भाव शेकडा १० ने वाढला व खर्च तेवढाच ठेवावयाचा आहे, तर वापर शेकडा किती कमी करावा लागेल? (२) कल्पित कुटुंबाच्या खर्चाचे ‘कमी करता येईल’, ‘पुढे ढकलता येईल’ आणि ‘कदापि कमी करू नये’ असे तीन रकाने करा. (३) आजीकडून साठवणीची एक रीत विचारून लिहा.

दुसऱ्या स्वाध्यायातील तिसरा रकाना शिक्षकाने विशेष लक्ष देऊन तपासावा. त्यात ‘आईचे जेवण’ आणि ‘ताईची शाळा’ ही नावे मुलांनी आपण होऊन लिहिली असतील, तर पाठ साधला असे समजावे. ती नसतील, तर गणित बरोबर असले तरी पाठ पुन्हा एकदा घ्यावा.