सोडलं की सोडून दिलं?

अगं, तुझा अर्ज वाचला. नेटका झालाय, फक्त ‘आय रिलिंक्विश्ड माय जॉब’ हे वाक्य आजच्या आज बदल. ‘गिव्ह अप’ फार साधं वाटलं म्हणून तू समानार्थी शब्दांच्या यादीतून हा भारदस्त शब्द उचललास, हे लगेच कळतं. यादीत क्विट, रिझाइन, सरेंडर, अबँडन, रिनाउन्स, रिलिंक्विश असे सगळे एका ओळीत बसलेले असतात, त्यामुळे कुठलाही घेतला तरी चालेल असं वाटतं. पण माणूस काय सोडतोय, कुणासाठी सोडतोय, मनापासून की नाइलाजाने, यावर इंग्रजीत शब्द ठरतो. मुलाखत तोंडावर आलीय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रिलिंक्विश हा हक्काचा आणि ताब्याचा शब्द आहे. वडिलोपार्जित घरातला वाटा भावाच्या नावे करताना आपल्याकडे बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात ना, त्याला वकील ‘रिलीज डीड’ किंवा ‘रिलिंक्विशमेंट डीड’ म्हणतात. तिथे तो शोभतो. सरेंडर म्हणजे दुसऱ्याच्या हवाली करणं. शरण येणारा हत्यार सरेंडर करतो, आणि अमेरिकेत नागरिकत्व घेतलेले आपले लोक भारतीय पासपोर्ट सरेंडर करून त्याचं प्रमाणपत्र घेतात. अबँडन केलं म्हणजे वाऱ्यावर सोडलं. हा शब्द माणसांबद्दल वापरताना फार जपून राहा, त्यात दोषारोप असतो.

आता साध्या शब्दाची ताकद बघ. १० डिसेंबर १९३६ ला इंग्लंडच्या आठव्या एडवर्डने वॉलिस सिम्पसनशी लग्न करता यावं म्हणून राजपद सोडलं. राजाच्या बाबतीत इतिहासकार ‘अ‍ॅब्डिकेट’ म्हणतात, त्याने सही केलेल्या कागदावर ‘रिनाउन्स’ आहे, आणि घराघरांत बोलताना मात्र ‘ही गेव्ह अप द थ्रोन’. तिन्ही बरोबर, जागा वेगवेगळ्या. रोझा पार्क्सचंही तसंच. १ डिसेंबर १९५५ ला अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला तिने नकार दिला, आणि त्या प्रसंगाचं वर्णन इंग्रजीत ‘रिफ्यूज्ड टू गिव्ह अप हर सीट’ असंच वाचायला मिळतं. तिथे क्विट घालून बघ, वाक्य लंगडं पडतं. लोकलमध्ये आजींना जागा दिलीस तर तूही बिनधास्त ‘आय गेव्ह अप माय सीट’ म्हण. सिंहासनापासून लोकलच्या बाकापर्यंत पुरणारा शब्द हलका कसा असेल?

व्याकरण थोडंच आहे, पण तिथेच चुका होतात. पुढे क्रियापद आलं तर त्याला ‘आयएनजी’ लागतं: ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’. ‘टू स्मोक’ नाही. आणि ‘इट’, ‘देम’ सारखं सर्वनाम असेल तर ते मधे जातं. गॅसवरची सबसिडी स्वेच्छेने सोडा, अशी सरकारची २०१५ ची मोहीम आठवते? तिचं नाव ‘गिव्ह इट अप’ होतं. ‘गिव्ह अप इट’ असं कुणी म्हणत नाही. नाम असेल तर दोन्ही चालतं, ‘गिव्ह अप द जॉब’ किंवा ‘गिव्ह द जॉब अप’. हे नियम घोकण्यापेक्षा वाक्यं मोठ्याने म्हण. आपल्याला हा प्रकार मुळीच परका नाही. ‘सोडलं’ आणि ‘सोडून दिलं’ यांतला फरक तुला कुणी शिकवला होता का? आपल्या ‘देणे’, ‘टाकणे’, ‘बसणे’ या क्रियापदांसारखंच त्यांचं ते ‘अप’ काम करतं. कानाला सवय झाली की हात आपोआप तिकडे जातो.

शेजारचा ‘गिव्ह इन’ मात्र वेगळा. चर्चिलच्या तोंडी लोक सर्रास ‘नेव्हर गिव्ह अप’ घालतात. १९४१ मध्ये हॅरो शाळेतल्या भाषणात तो ‘नेव्हर गिव्ह इन’ म्हणाला होता, आणि युद्धाच्या काळात तेच नेमकं होतं. समोरच्याच्या दबावापुढे नमणं म्हणजे गिव्ह इन, आपणच प्रयत्न थांबवणं म्हणजे गिव्ह अप. लेकीने हट्ट धरला आणि शेवटी तू मोबाइल दिलास, तर ‘आय गेव्ह इन’. तिने घातलेलं कोडं सुटेना म्हणून ‘हरले बाई, सांग आता’ म्हणालीस, तर ‘आय गिव्ह अप’.

आणि तो चिमुकला ‘ऑन’! ‘गेव्ह अप ऑन समवन’ म्हणजे त्या माणसाची आशा सोडली, त्याच्यापुढे हात टेकले. बोलण्याच्या ओघात ‘आय गेव्ह अप ऑन माय करिअर’ असं तोंडून गेलं, तर समोरच्याला ऐकू येईल की तुझा स्वतःवरचा विश्वासच उडाला होता. तू नोकरी सोडलीस, उमेद नाही. हे वाक्य तुझ्या तोंडी मला कुठेच नकोय.

मग लिहायचं काय? अर्जात सरळ ‘करिअर ब्रेक’ लिही आणि पुढे साल टाक. बोलताना ‘आय लेफ्ट माय जॉब टू लुक आफ्टर माय डॉटर’ म्हण. ‘रिझाइन्ड’ही चालेल, तो कचेरीतला शब्द आहे. ‘क्विट’ नको. १९४२ ला मुंबईच्या गवालिया टँकवर ‘क्विट इंडिया’ शोभलं, कारण तिथे चालते व्हा असंच म्हणायचं होतं. मुलाखतीत ‘आय क्विट’ म्हटलं की दार आपटून आल्यासारखं वाटतं. ‘गेव्ह अप’ चुकीचं नाही, पण त्यात त्यागाचा सूर आहे, आपल्या ‘नोकरीवर पाणी सोडलं’सारखा. तो त्याग खरा आहे, मी तो जवळून पाहिलाय, आणि घरात तो ठणकावून सांगायला तू अजिबात कचरू नकोस. अनोळखी माणसांसमोर मात्र त्या एका शब्दाने बोलणं तुझ्या कामावरून तुझ्या सोसण्याकडे वळेल.

त्यांनीच ‘व्हाय डिड यू गिव्ह अप युअर जॉब?’ विचारलं तर मनाला लावून घेऊ नकोस. त्यांच्या लेखी ते रोजचंच बोलणं असतं. उत्तर ‘लेफ्ट’ने सुरू कर, कारण एका वाक्यात सांग आणि लगेच मधल्या काळात केलेल्या त्या अकाउंट्सच्या कोर्सवर ये. पगाराचं उद्या फोनवर बोलू, आकडा आधी त्यांना सांगू दे.