कुस्कोची पहिली रात्र

समुद्रसपाटीजवळच्या सुरतेतून निघालेला आमचा दहा जणांचा गट लिमाहून विमानाने थेट कुस्कोला, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर उतरला. रात्री गटातील नऊ वर्षांच्या मुलाचे डोके दुखू लागले, उलट्या झाल्या. बालरोगतज्ज्ञ असूनही मी प्रथम प्रवासातील खाण्यालाच दोष दिला! वास्तविक अशा उंचीवर ही लक्षणे विरळ हवेचीच मानावयाची असतात. त्रास वाढल्यास, तोल जाऊ लागल्यास वा बसल्या जागी धाप लागल्यास त्वरित खाली उतरावे. ॲसिटाझोलामाइडवर विसंबून थांबू नये. सकाळी आम्ही सुमारे ५०० मीटर खाली, उरुबांबास गेलो. सायंकाळी मुलाने जेवण मागितले. माचू पिच्चू तर २,४३० मीटरवरच आहे. म्हणून पहिला मुक्काम उरुबांबास मागून घ्यावा. लहान गटास हे सहज साधते.  विमानाने लेहला गेल्यास पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांतीच घ्यावी.