पेशीविभाजनाची पूर्वतयारी

भोर-वेल्ह्याकडे भातकापणींत विळ्यानें बोट कापतें, आणि थोड्याच दिवसांत जखम भरून येते. ती भरते कशी? कडेच्या त्वचापेशी विभागून नव्या पेशी तयार होतात म्हणून.

विभाजनाचा हुकूम केवळ केंद्रकाचा, असा विद्यार्थ्यांचा समज आम्हांस वर्गांत नेहमीं आढळतो. वस्तुतः पेशींतील इतर अंगकांचाही त्यांत वांटा असतो. डी.एन.ए.ची दुसरी प्रत निघण्याच्या सुमारास तंतुकणिका एकमेकींस जुळून जाळें बनवितात व अधिक शक्ति पुरवितात, असें प्रयोगांत दिसलें आहे. तारकाकाय हें अंगक दुप्पट होऊन पुढें दोन टोकांस जातें. त्यामुळें गुणसूत्रांची समान वांटणी साधते. गॉल्जी पिंडाची सलग पट्टी तुटावी लागते. ती तुटूं न दिल्यास पेशी विभाजनाच्या उंबरठ्यावरच थबकते.

जखम बुजली कीं हें काम थांबतें. हा आवर सुटून पेशी बेसुमार वाढल्या, तर त्याचेंच नांव कर्करोग. पेशीचक्राचे मुख्य नियामक शोधल्याबद्दल हार्टवेल, हंट व नर्स यांस २००१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

म्हणून पालकांस आमची विनंती, कीं न भरणारी जखम किंवा वाढती गांठ दिसतांच ती डॉक्टरांस दाखवावी. दुखत नाहीं म्हणून थांबूं नये.