बावखळाकाठचे साप

वसई परिसरातील वाड्यांतून बावखळे नावाची गोड्या पाण्याची लहान तळी पूर्वापार आहेत. बागायतीला पाणी व विहिरींना पाझर त्यांपासून लाभतो. पाण्यापाठोपाठ बेडूक-मासे आणि त्यांच्यामागे साप येणारच. पाणथळ काठी आढळणारी दिवड बिनविषारी असते. परंतु डिवचल्यास ती मान चपटी करून डोके उचलते आणि नाग समजून मारली जाते. वाडीतील उंदरांचा फडशा पाडणाऱ्या धामणीचीही तीच गत. वास्तविक हे नुकसान बागायतदाराचेच!

खरी धास्ती बाळगावी ती मण्यार जातीच्या सापाची. तो रात्री हिंडतो व जमिनीवर निजलेल्या माणसास दंश करतो. दंशाच्या जागी वेदना वा सूज बहुधा नसते. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, गिळवत नाही. घरची मंडळी अपचन समजतात आणि मोलाचे तास निघून जातात. यास्तव खाटेवर निजावे, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. सरपणाचे ढीग भिंतीलगत रचू नयेत.

दंशानंतर जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे किंवा मांत्रिकाकडे जाणे सर्वथा वर्ज्य. दंश झालेला अवयव न हलविता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष दिले जाते. साप मारून सोबत नेण्याचे कारण नाही. ते जवळच्या कोणत्या रुग्णालयात मिळते, याची पंचायतींनी व शाळांनी पावसाळ्यापूर्वीच चौकशी करून फलकावर नोंद करावी.